तीन कोंबड्या, पंधरा अंडी

राजा कसा दिसतो, मला विचारू नका.
अकरा वर्षं त्याचे शब्द खोगिराच्या पिशवीतून वाहतोय
म्यूझच्या काठाने, आर्देनच्या रानातून,
आणि आजवर पाहिलंय ते मेणावर उमटलेलं
एक नाक,
तेही उन्हाने जरा बसलेलं.

आम्ही चौघं. बिशप, ज्यांचा खोकला त्यांच्या आधी गावात पोचतो.
सरदार गुंदोइन, ज्याला घोड्याखेरीज कुणाशी बोलवत नाही.
शाईचं शिंग सांभाळणारा पोरगा. आणि मी, लिहिणारा.
बरोबर हुकूम असतो: यांना चाळीस भाकऱ्या द्याव्यात,
एक डुक्कर, बिअरचं पिंप, घोड्यांना वैरण.
गावं आमची वाट बघतात
गारपिटीची बघावी तशी.

ओकच्या झाडाखाली मी कलमं वाचतो.
मापं खोटी ठेवू नयेत. विधवेला नाडू नये.
रविवारी नांगर धरू नये.
लॅटिनमध्ये सतरा भरतात,
बोलीत सांगायला गेलं की नऊच उरतात.
‘न्याय’ या शब्दापाशी तर दरवेळी अडतो;
या भागात त्याला म्हणतात
काउंटाचं जेवण.

मग दारोदार मोजणी.
तेउदलिंद, विधवा, फोंतानिसच्या ओढ्याजवळ.
जमीन किती? आठवड्याला वेठ किती दिवस?
प्रत्येक उत्तराआधी ती माझ्या मागे बघते,
जिथे कारभारी उभा आहे, हात पाठीशी बांधून.
तीन दिवस, म्हणते. तीन कोंबड्या, पंधरा अंडी.
तागाचं कापड आठ हात.
मुलगे?
दोन. थोरला सैन्याबरोबर गेला, एल्बच्या पलीकडे.
जिवंत आहे?
ती पहिल्यांदा माझ्याकडे बघते.
‘ते तुम्ही सांगायचं.
तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं ना?’

माझ्याकडे रकाने आहेत: हजर. मयत. पळून गेलेला.
मी लेखणी शिंगात बुडवतो आणि तशीच धरतो.
ती जवळ येते, वाकते,
चर्मपत्रातल्या एका भोकावर बोट ठेवते,
ज्याला वळसा घालून मी सकाळपासून ओळी लिहितोय.
‘ही गोमाशी चावल्याची खूण.
आमचंच वासरू हे. डाव्या कुशीवर होतं भोक.
सेंट मार्टिनच्या सणाला नेलं तुमच्या माणसांनी.’
कारभारी खाकरतो.
मी पान उलटं करून बघतो, का कोण जाणे,
जणू मागून शेपूट दिसेल.

धाकट्याला यंदा बारावं लागलं, म्हणजे शपथ.
अस्थींच्या पेटीवर हात ठेवून,
आवाज अजून फुटायचा आहे.
राजाशी इमान, त्याच्या शत्रूशी नाही,
‘कुणाशी?’ तो मधेच विचारतो.
मी शिक्का दाखवतो.
तो बराच वेळ निरखतो.
‘एवढंसंच नाक?’
गुंदोइन हसतो. त्या वर्षी एवढंच हसला तो.

रात्री काउंटाकडे मेजवानी.
त्याच्याविरुद्धच्या सहा तक्रारी माझ्या मांडीखाली,
बिशपांना मेणबत्त्यांची पेटी भेट,
गुंदोइनला लगाम, मला बुटांची जोडी.
बूट मापाचे निघाले.
तेच जास्त टोचलं.

निघताना तेउदलिंदने वेशीवर गाठलं.
पंधरा अंडी कारभाऱ्याला कधीच मोजून दिली होती.
हातात सोळावं.
‘हे राजाचं नाही. लिहू नकोस.’

मी ते फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं,
कायद्याच्या पानांना लागून, जपून,
आणि तिसऱ्या ओढ्याच्या उतारावर खेचर घसरलं.
संध्याकाळी पाहिलं: दोन पानं एकमेकांना चिकटलेली,
पिवळी, ओलसर, सुटायला तयार नाहीत.
नेमकं विधवेचं कलम.

पुढच्या गावी ते मी पाठ म्हटलं.
बहुधा बरोबर.
कुणी हरकत घेतली नाही.